धक्क्यापासून पाण्यापर्यंत

माझी बहीण धरणाच्या पलीकडच्या काठावर, करमाळ्याच्या बाजूला नांदते. आमच्या इंदापूरच्या काठावरून तिच्या गावची झाडे दिसतात. रस्त्याने जायचे तर टेंभुर्णीच्या वळशात अर्धा दिवस मोडतो, आणि तिला गाडी लागते. म्हणून दर वैशाख पौर्णिमेला ती लाँचनेच यायची. विहारात वंदना, मग माझ्या ओसरीवर खीर आणि चार दिवस मुक्काम. आईच्या पश्चात तिचे माहेर म्हणजे मीच.

पूर्वी उतरण्याची जागा ठरलेली नव्हती. पाणी जसजसे मागे हटे, तसतशा नावाडी गाळावरच्या फळ्या पुढे सरकवी. दोन वर्षांपूर्वी ती त्या फळीवरून घसरली, गुडघा दुखावला, आणि मी पेटलो. उभा जन्म कचेऱ्यांना अर्ज लिहिण्यात गेलेला. स्वस्थ कसा बसणार?

तिचा मुलगा समुद्रावरच्या एका मोठ्या बंदरात नोकरीला आहे. त्याला फोन करून मी बंदरांचे प्रकार समजून घेतले. खाडीच्या आडोशाने आपोआप झालेले नैसर्गिक बंदर, गाळ उपसून आणि बांध घालून केलेले कृत्रिम बंदर, मासेमारीचे, नदीवरचे. आणि समुद्रापासून शेकडो मैल आत असलेले कोरडे बंदर, जिथे कंटेनरची कस्टम तपासणी होऊन तो सीलबंदच जहाजाकडे निघतो. हे सारे मी अर्जात घातले व बारामतीहून टाइप करून घेतले. कलम चारचा मला विशेष अभिमान होता: ‘पक्का धक्का झाल्यावर अन्यत्र प्रवासी उतरवण्यास सक्त मनाई असावी.’ त्यावर सात स्मरणपत्रे. दोन साहेबांना ते कर्तव्यशून्य असल्याचे लेखी कळवले. अखेर धक्का झाला. मनाईही फलकावर रंगवली गेली.

जागेची पाहणी मात्र कार्तिकात झाली होती. धरण तुडुंब होते. बोट दाखवून जागा मीच नेमून दिली.

यंदाच्या पौर्णिमेला खिरीचा डबा घेऊन मी धक्क्याच्या टोकाशी उभा राहिलो. समोर शंभर पावले गाळ, त्यापलीकडे पाणी, पाण्यावर लाँच आणि लाँचमध्ये ती.

“तात्या,” नावाडी ओरडला, “फळ्या आणल्यात. टाकू का?”

माझ्या पाठीशी फलक होता. मी म्हणालो, “नको. मनाई आहे.”

“मग पाण्याला बी एक नोटीस धाडा की! धक्क्यापाशी हजर व्हा म्हणावं.” मग तो तिच्याकडे वळला. “आक्का, उचलून न्हेऊ का?”

“मी काय उसाची मोळी हाय व्हय?” तिने त्याला झापले आणि मला हाक दिली, “दादा, हितं बसूनच माहेर बघू का?”

डोळ्यांवर पदराची सावली धरून ती आमच्या घराकडे बराच वेळ पाहत राहिली. मग लाँच वळली.

संध्याकाळी भाचा फोनवर म्हणाला, “मामा, जिथं पाण्याची पातळी फार बदलते तिथं तरंगता धक्का ठेवतात. पाण्याबरोबर तोही वरखाली होतो.”

“हे आधी का सांगितले नाहीस?”

“तुम्ही बंदरांचे प्रकार विचारले होते. पाण्याचं काही विचारलं नव्हतं.”

दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. विषय: कलम चार रद्द करणे व तरंगता धक्का मिळणेबाबत. जबाबदार व्यक्ती म्हणून त्यात प्रथमच माझे स्वतःचे नाव आहे. उत्तर अद्याप नाही. नावाड्याने त्या फळ्या माझ्या ओसरीवर, ती बसायची त्या जागी आणून टाकल्या आहेत. वाळवी लागू नये म्हणून दर आठवड्याला मी त्या उन्हात काढतो.