कमरेच्या मापाच्या स्प्रिंगा

रागात असले की मी यांचा उल्लेख 'नवरा' असा करते, एरवी 'हे' म्हणते. हे सगळं रागात लिहिलेलं आहे, तेव्हा नवराच.

आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं. नाशिककडचं नव्हे, बाहेरच्या पाहुण्यांना हे दरवेळी सांगावं लागतं. इथे माझ्या नवऱ्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे आणि मी शाळेत विज्ञान शिकवते. अशा घरात विलायती स्पोर्ट्स कार यायचं काही कारण नव्हतं. पण नवऱ्याला तरुणपणापासून तेवढं एकच वेड. नागपूरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांची दोन सीटची, छप्पर मागे टाकता येणारी जुनी गाडी विकून टाकायची ठरवली, आणि ती टेम्पोतून आमच्या दारी आली. अर्धी जोडलेली, अर्धी पोत्यांत भरलेली. शेजारीण फाटकातून वाकून म्हणाली, "मॅडम, भाऊ आता भंगाराचा धंदा करून राह्यले काय?"

माझी अट एकच होती. काही वर्षांपूर्वी शाळेच्या पायरीवरून घसरले तेव्हापासून माझ्या मणक्यातली एक चकती जरा सरकलेली आहे. सांभाळून राहिलं तर ती गप्प असते, दचके बसले की बोलायला लागते. दर रविवारी मला किन्हीराजाला आईकडे जायचं असतं. एस.टी.त मागची सीट मिळाली तर पुढचे दोन दिवस मी फळ्याला टेकून शिकवते. म्हणून म्हटलं, गाडी माझ्या कमरेला सोसेल अशी होणार असेल तरच तिला पडवीत जागा. नवरा म्हणाला, "अवं, तुह्यासाठीच तर करून राह्यलो."

मी विश्वास ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस दुसरं काय करतो?

गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा थकून बसल्या होत्या, त्या बदलणं भाग होतं. पुण्याच्या दुकानदाराकडे दोन प्रकार होते. एक मुळात असायच्या तेवढ्याच नरम, दुसऱ्या जवळजवळ दीडपट कडक, लाल रंगाच्या. फोनवर तो कडकच घ्या म्हणत होता. वळणावर गाडी कलत नाही, चिकटून पळते. असेल बाबा. पण आम्हाला शर्यत खेळायची नव्हती, आईकडे भरली वांगी खायला जायचं होतं. कडक स्प्रिंग गुळगुळीत रस्त्यावर शहाणी. आपल्याकडच्या रस्त्यावर चाक खड्ड्यातून उसळतं, तो धक्का स्प्रिंगनं गिळला नाही तर तो बसणाऱ्याच्या पाठीत जातो. धक्का गिळणं स्प्रिंगचं काम आणि नंतर तिला उगाच डुलू न देणं शॉकअपचं. म्हणजे स्प्रिंग नरम हवी आणि शॉकअप जरा घट्ट. आठवीच्या पोरांनाही हे कळतं. मी तसं म्हटलंही.

आम्ही दोन्ही मागवल्या आणि दुकानाच्या गोदामात त्यांची परीक्षा घेतली. स्प्रिंग उभी करायची, आत पाइप, वर फळी, फळीवर खताचं पन्नास किलोचं पोतं. नवरा आणि गाडी जोडायला येणारा मिस्त्री दोन्ही बाजूंनी पोतं धरून उभे आणि मी शाळेची पट्टी लावून वाकलेली. नरम स्प्रिंग एका पोत्याला सेंटिमीटरभर दबली, लाल जेमतेम तिच्या दोन तृतीयांश. खतानं पदर माखला. नवरा मला हसत होता आणि मी त्याला. तो दिवस आठवला की आता जास्त राग येतो.

मग गाडीत बसवून पाहायच्या. तिथे मी माझी शिस्त घातली: कोणत्या लावल्यात ते मला सांगायचं नाही. माहीत असलं की कंबरही पक्षपात करते. मी शेजारच्या सीटवर डोळे मिटून किन्हीराजापर्यंत जाईन आणि काय वाटलं ते सांगेन. नवरा आणि मिस्त्री आलटून पालटून स्प्रिंगा बदलत आणि मी दरवेळी बिनचूक नरम ओळखत असे. शेवटी त्या कायमच्या बसवायच्या ठरल्या. त्या गंजू नयेत म्हणून खिडकीच्या ग्रीलचा उरलेला हिरवा रंग मी स्वतःच्या हातानं त्यांना दिला.

तो हिवाळा सुखाचा गेला. छप्पर मागे टाकून, डोक्याला स्कार्फ बांधून मी किन्हीराजाला जायची. दोन्हीकडे तूर फुलावर आलेली. आई म्हणायची, "जावईबापू, या गाडीत माही पोरगी तरुण दिसते." मलाही तसंच वाटायचं, उगाच खोटं कशाला बोलू.

आता मेडशीचं सांगायला हवं. नवऱ्याचे मित्र सुट्टीच्या सकाळी गाड्या घेऊन मेडशीच्या फाट्यावर चहाला जमतात. आमच्या भागात गाडी म्हणजे ओझं, मग ते माणसांचं असो की सोयाबीनचं. इथे नवा पिकअप शोरूममधून निघाला की आधी कमानपाटे, म्हणजे खालच्या स्प्रिंगेच्या पट्ट्या, वाढवायला जातो, नंतर देवाला. ज्या गाडीच्या कमानी बसल्या ती गाडी संपली, आणि डुलणारी गाडी म्हणजे कमानी बसलेली गाडी, हे इथलं शास्त्र. तेव्हा आमची गाडी मऊ डुलत फाट्यावर थांबली की मित्र म्हणायचे, "काहून भाऊ, कमानी बसल्या काय? पाह्य न कशी चालते, गाभण म्हशीवानी!" हे मला नवऱ्यानंच घरी येऊन हसत सांगितलं होतं. मी पण हसले. त्याला ते लागलंय हे मला दिसलं नाही.

होळीनंतर मी दहावीच्या पेपरांत बुडाले होते. त्यातून मोकळी झाले आणि किन्हीराजाला गेले, तर जाताना पाठीत कळ आली. पुढच्या रविवारी जास्त. मी विचारलं, "गाडी जरा उंच दिसते का?"

"हवा भरली टायरमंदी."

"पण दचके बसतात हो."

"रस्ता खराब झाला. अन् तुह्या कमरेचंच हाय ते. वय होऊन राह्यलं न आता."

मला पटलं. माझ्याच कमरेचं असेल. मग वाशीमच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्वच्छ विचारलं, "मध्यंतरी काही बदललं का? गादी, खुर्ची, गाडी?" मी नवऱ्याकडे पाहिलं, कारण गाडीचं त्यालाच माहीत. तो म्हणाला, "नाही साहेब, सगळं तेच हाय."

डॉक्टरांनी पट्टा दिला, व्यायाम दिले, प्रवास टाळा म्हणाले. किन्हीराजा बंद झालं. आई फोनवर रडायची, मी तिला समजवायची. आणि जूनमध्ये संस्थेनं मला केनवडच्या शाळेचं मुख्याध्यापकपद देऊ केलं. आयुष्यभर मला तेवढंच हवं होतं. पण केनवड म्हणजे रोजचं जाणं-येणं. जी बाई गाडीच्या मऊ सीटवर किन्हीराजापर्यंत टिकत नाही, ती रोज एस.टी.नं केनवडला काय जाणार? मी नवऱ्याला विचारलं. तो वर न पाहता म्हणाला, "राहू दे. कायले जिवाले तरास? तुह्याच्यानं नाही होत."

मी नकार कळवला. ती खुर्ची दुसऱ्या बाईंना मिळाली. मी त्यांचा सत्कार केला, भाषणही केलं.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या गाड्या धुऊन त्यांना हळदकुंकू लावतात. मला वाकायला मनाई होती, म्हणून पाट घेऊन मी गाडीच्या पुढच्या चाकाशी बसले. चाक बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. कुंकवाचं बोट टेकवताना नजर चाकामागे गेली. आत लाल स्प्रिंग होती. मला वाटलं, कुंकू सांडलं असेल. ओल्या फडक्यानं पुसलं. लालच. पलीकडे जाऊन पाहिलं, तिकडेही लाल.

नवरा झेंडूचा हार घेऊन आला. मी नुसतं बोट दाखवलं. त्याचा चेहरा पाहिला आणि मला सगळं कळलं.

"सांगणारच होतो तुले."

"कधी?"

मग तो जे म्हणाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तूच त म्हणत होती न, कोणत्या लावल्या ते सांगू नोको म्हणून."

मी मिस्त्रीला फोन केला. तो बिचारा चाचरत म्हणाला, "भाऊंनी सांगतलं, म्या बसवल्या. मले वाटलं, मॅडमले मालूम हाय." म्हणजे मिस्त्रीला ठाऊक, मेडशीच्या फाट्याला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त जिच्या पाठीवर त्या बसवल्या होत्या तिला. लोकांनी हसू नये म्हणून त्यानं स्प्रिंगा बदलल्या, इथवर मी समजू शकते. पुरुषाला लोकांचं हसणं सोसत नाही. पण मी पट्टा बांधून भिंत धरत चालत होते तेव्हा तो बघत होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा शेजारी बसला होता. केनवडला नाही म्हणायचं पत्र लिहीत होते तेव्हा त्यानंच चहा आणून दिला.

दिवाळीच्या आधी त्यानं माझ्या हिरव्या स्प्रिंगा परत बसवल्या. चार दिवस मागे लागला, "एक डाव बसून त पाह्य." आईसाठी मी बसले. पट्टा मुद्दाम घरी ठेवला.

गाडी जऊळक्याच्या रस्त्याला लागली. खड्डे तेच होते. गाडी त्यांच्यावरून अलगद चालली होती आणि मी पाठीतली कळ शोधत होते. मनापासून शोधत होते. थोडी तरी असू दे, म्हणत होते. म्हणजे त्याचं थोडं तरी खरं होतं, असं धरून त्याच्याबरोबर राहता येईल. किन्हीराजाचा फाटा आला तरी काही नाही. माझी कंबर सगळे महिने खरं बोलत होती, आणि मी तिलाच खोटं ठरवलं होतं, या माणसाच्या शब्दावर.

डोळ्यांतलं पाणी थांबेना. त्यानं घाबरून गाडी बाजूला घेतली. "लई दुखून राह्यलं काय? सांग न."

"नाही," मी म्हणाले. "काहीच दुखत नाही."