तोड आली त्या दिवशी

ऊस तुटायला लागला की ओल्या वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, वास सुटतो, आणि मला बारामतीचा दवाखाना आठवतो. माझी लेक तिथं पंधरा दिवस खाटेवर होती. गावाकडनं, लासुर्ण्याहून भावाचा फोन आला, आपल्या उसाला तोड आलीय, तोडकऱ्यांची टोळी फडात उतरलीय. मालक फडात दिसला नाही की टोळी दुसऱ्याच्या रानात जाते, हा आम्हा सगळ्यांनाच धाक. मी दारात घुटमळलो, तर लेकच म्हणाली, "आबा, जावा की. मी कुठं पळून चाललीय? येताना एक गोड कांडं आणा." ट्रॅक्टर भरून सुटला तेव्हा उन्हं उतरली होती. बुडख्याकडचं कांडं सोलून मी फडक्यात बांधलं आणि एसटी धरली. वॉर्डात तिची खाट रिकामी होती, चादरसुद्धा बदललेली. बायको बाकड्यावर बसलेली. माझ्या हातातल्या फडक्याकडं बघत ती एवढंच म्हणाली, "सारखी इचारत हुती, भरला का ट्रॅक्टर म्हणून." आता बायकोही नाही. यंदा तोड आली तसा मी सकाळपासून बांधावर उभा होतो. शेवटी टोळीच्या मुकादमानंच हटकलं, "आबा, घरी जाऊन बसा की. तुमी नसला तरी ऊस तोडतोच आमी."