तांदूळ वाढले

काल दुपारी सूनबाईने आंबेमोहोर शिजत टाकला आणि त्या वासाने मी रहिमतपूरच्या आमच्या जुन्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. साल चव्वेचाळीस, रेशनचे दिवस. घरात तांदूळ पावशेर आणि हजर माणसे दोनच, मी आणि लग्नाला वर्षही न झालेली माझी बायको. आई-वडील कोरेगावला लग्नाला गेले होते. एरवी ती माझ्यामागून, आईबरोबर जेवायची.

तेवढ्याचा भात चुलीवरून उतरवून तिने रिकामा डबा उलटा करून दाखवला. "तांदूळ वाढलं बघा." संपले म्हणायचे नाही, ही घरची रीत.

"मग शनिवारच्या रेशनपर्यंत जोंधळा किती लागेल..." मी हिशेब सुरू केला.

"आवं, मापं मागनं घाला. वाफ हाय तवर भात खावा." दाराला कडी लावून ती हळूच म्हणाली, "एकाच ताटात घिऊया?"

तिने मीठ दोन जागी वाढले. बोटे भाजून घेत, हसत आम्ही जेवलो.

संध्याकाळी बैलगाडी दारात आली आणि तिचे ताट पुन्हा आईशेजारी गेले. पुढे मुले झाली, पाहुणे आले, तांदूळही पोत्याने आला. तसे जेवण पुन्हा कधीतरी होईल, असे वाटत राहिले. तिला जाऊन आता चार वर्षे झाली.

काल पान वाढून सूनबाई म्हणाली, "मामंजी, तांदूळ संपले."

"वाढले म्हण," मी म्हटले. सवयीने पिशवी घ्यायला उठत होतो, पण भातावर वाफ होती. खाली बसलो आणि वाफ होती तोवर जेवलो.