गाई खातात ते लाकूड

कुणावर चिडावे हेच ओर्फेलिना मान्सियाला कळत नव्हते. समोर एखादे थोबाड असले की माणसाचा निम्मा राग बोलण्यातच उतरतो. तिच्यासमोर होती बुरशी.

बुरशी तिच्याच माहेरची. भाऊ आर्तेमिओच्या कुरणात तेपा झाडाचे एक जुने खोड आडवे पडलेले होते, आतून पांढरे, कापसासारखे मऊ. हिवाळ्यात गवत संपले की गाई त्याला तोंड लावत आणि पावासारखे लचके तोडत. वडीलही असली खोडे कुऱ्हाडीने फोडून गुरांपुढे टाकायचे. लाकडाचे धागे घट्ट धरून ठेवणारा चिवट भाग ही बुरशी मोडते. त्यातून सुगंधी आम्ले सुटतात, व्हॅनिलाच्या भावकीतली. मग ती आम्लेही बुरशीच गिळते आणि मागे राहते ते गुरांना पचणारे लाकूड.

वाल्दिव्हिया शहरातल्या ज्या प्रयोगशाळेत ओर्फेलिनाचे केस पिकले, तिथे डॉक्टर रेनाता विंकलर नेमकी अशीच बुरशी शोधत होत्या. ओर्फेलिनाने छातीवर हात ठेवून सांगितले होते, "आमच्या खोडातली आणते, डॉक्टर. हिच्यासारखी ताट चाटूनपुसून खाणारी दुसरी मिळायची नाही." डॉक्टरांनी बुरशीच्या बशांसाठी एक फळी दिली, पण हिवाळा संपेपर्यंतच. तोवर बुरशीने आम्ले संपवून दाखवली नाहीत, तर फळी दुसऱ्यांना द्यायची आणि बशा, बुरशी मारून धुवायला, वाफेच्या भांड्यात जायच्या.

आणि बुरशी ताट चाटेना. बुरशीने खाल्लेला भुसा यंत्रात घातला की कागदावरच्या रेघेत आम्लाचे तेच शिखर उभे राही. बुरशी न लावलेल्या भुशाचेही तसेच. ओर्फेलिनाने पाणी बदलले, ऊब बदलली, भुसा नव्याने दळून घेतला. एकदा तर दार लावून घेऊन तिने बशीला चार शब्द सुनावले. गाईपुढे चांगली खातेस, इथेच कसला उपास धरलायस?

त्यात, यंत्रात घालण्याआधी भुसा वाळवायची भट्टी पानगळीतच बंद पडलेली. दुरुस्तीवाला सोमवारी येणार होता. कुठल्या सोमवारी, ते कुणी विचारले नव्हते. तेव्हा सारे गाव जे करते तेच ओर्फेलिनाने केले. भुशाच्या कागदी पुड्या घरी नेल्या आणि लाकडावर जळणाऱ्या शेगडीच्या वरच्या दोरीला, लोकरी मोज्यांच्या शेजारी, टांगल्या. पाऊस महिनोन्महिने थांबत नाही अशा गावात वाळायचे ते सगळे त्याच दोरीवर जाते. डॉक्टरांनाही हे ठाऊक होते. त्यांच्याही शेगडीवर तशीच दोरी होती.

शेवटच्या पुडीचेही शिखर तसेच निघाले, तेव्हा डॉक्टर हळूच म्हणाल्या, "फळी रिकामी करू या, ओर्फेलिना."

"गाई खोटं खात नाहीत, डॉक्टर."

"गाईंना अहवालावर सही करता येत नाही."

बशा वाफेच्या भांड्यात ओर्फेलिनाने स्वतःच रचल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. झाकणाच्या फटीतून अळंब्यांच्या रश्श्याचा वास आला आणि तिने तोंड फिरवले.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला उगवला. नाटक संपून दिवे मालवल्यावर नायक यावा, तसा. कुएव्हास नावाचा हा माणूस उत्तरेतल्या वाळवंटातला होता आणि थंडीने आखडला होता. भट्टीवर राहिलेली एक पुडी बाजूला करताना त्याने नाक मुरडले.

"ओर्फेलिनाबाई, यात सॉसेजं धुरावली होती का?"

ओर्फेलिनाने पुडी हुंगली. कसला वास नाही. डॉक्टरांनी हुंगली. त्यांनाही नाही.

"तुम्हाला कसा येणार?" कुएव्हास म्हणाला. "तुमच्या बसला धुराचा वास, कोटांना धुराचा वास, काल तर माझ्या उशीलाही होता."

डॉक्टर मटकन खुर्चीत बसल्या. जळत्या लाकडाच्या धुरात हीच आम्ले असतात, हे त्या दर वर्षी मुलांना शिकवत. बुरशीने ताट चाटूनपुसून साफ केले होते. शेगडीने ते पुन्हा वाढून ठेवले होते.

ओर्फेलिनाला चिडायला अखेर थोबाड सापडले, तेही आरशातले. डॉक्टर म्हणाल्या, चूक दोघींची आहे, फळी अजून कुणाला दिलेली नाही, पुन्हा आण. ती दुपारच्या बसनेच निघाली.

आर्तेमिओ कुंपणाशी उभा होता. खोड कुठे आहे विचारल्यावर त्याने गाईंकडे बोट दाखवले. हिवाळा लांबला, गवत नाही. शेवटचा तुकडाही मघाशीच फोडून टाकला होता. ती चिखलात बसकणच मारणार होती. तेवढ्यात तिला दिसले की बांडी गाय अजून काहीतरी चघळते आहे आणि जबड्याच्या कडेला पांढरे लोंबते आहे.

"शिंगं धर हिची," ती म्हणाली.

"ओर्फे, शहरात पगार मिळतो ना तुला? गाईच्या तोंडचं कशाला काढतेस?"

"धर म्हणते ना."

त्याने हसत हसत शिंगे धरली. ओर्फेलिनाने कोपरापर्यंत बाही वर केली आणि गाईशी बराच वेळ झोंबून मूठभर लगदा ओढून काढला. लाळेने थबथबलेला. त्यातून आता काय काय उगवेल, देव जाणे. बुरशी जिवंत असली तरी शंभर जंतूंमधून तिला वेगळी काढायची, म्हणजे सगळे पुन्हा पहिल्यापासून. तिचे डोळे भरून आले, रागानेच.

आर्तेमिओला दया आली. "आण इकडे, किती ओलं झालंय ते. घरात नेऊन शेगडीवर टांगतो, तुझा माते-चहा होईपर्यंत वाळेल."

"शेगडीजवळ नेलंस तर हात तोडीन तुझा," ओर्फेलिना म्हणाली, आणि मूठ कोटाच्या आत धरून, चहासाठी न थांबता, पावसातच बसच्या रस्त्याला लागली.