कचऱ्यातली सुई आणि माझी कावीळ

"ऑस्ट्रेलिया अँटिजेन पॉझिटिव्ह आहे," डॉक्टर म्हणाले आणि मला चक्क हसू आलं. मी अंबरनाथहून फार तर कल्याणला गेलेली बाई, आजार मात्र थेट ऑस्ट्रेलियाचा! डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून येणारी, लिव्हरला सूज आणणारी कावीळ, आणि हा अँटिजेन म्हणजे तिची रक्तातली खूण.

"देखो बाई, ही पाण्याची कावीळ नाय. काम कुठे करता?"

उल्हासनगरच्या एका नर्सिंग होममध्ये मी सफाईला होते. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. उकळून वापरायच्या काचेच्या सिरिंजा जाऊन प्लॅस्टिकच्या आल्या होत्या. वापरल्या की त्या सुईसकट वॉर्डातल्या बादलीत पडायच्या. तीन मजले आणि लिफ्ट नाही. एका खेपेत काम उरकावं म्हणून आम्ही कचरा हाताने दाबून दाबून भरायचो. माझ्या जोडीची पारूबाई तर त्यात पटाईत होती. सुई टोचली की बोट तोंडात धरायचं आणि पुढच्या खोलीत जायचं.

"कधी सुई लागली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणती सांगू?" मी म्हटलं.

आधी नुसता थकवा होता. मग भाताच्या वासाने मळमळायला लागलं. पित्त असेल म्हणून मी आवळा खात राहिले. डोळे पिवळे झाले तेव्हा कुठे दवाखाना गाठला.

"बहुतेकांची आपोआप जाते," डॉक्टर म्हणाले. "काहींच्या रक्तात मात्र मुक्काम करते आणि लिव्हर खराब करते. सहा महिन्यांनी परत तपासू, तेव्हा कळेल."

माझी मुलगी बालवाडीत होती. तिची शाळा बघायला मी असेन ना, एवढंच डोक्यात फिरायचं. खूप भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण मी रडत बसणाऱ्यांतली नाही. आराम सांगितला तर आराम केला, जन्मात पहिल्यांदाच.

सासूबाईंनी बारवी धरणाकडच्या एका आदिवासी पाड्यावरून काविळीची माळ आणली, सोबत काढाही. डॉक्टर म्हणाले, "माळ राहू दे गळ्यात. काढा नको, लिव्हरला त्रास होईल." मी दोघांचंही मन राखलं. शेजारणींनी माझा कप वेगळा ठेवला, तेव्हा मात्र मी ठणकावून सांगितलं की ही कावीळ ताटावाटीतून पसरत नाही. नवऱ्याला डॉक्टरांनी तपासून लस दिली.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त दिलं. रिपोर्टसाठी बाकावर बसले. डॉक्टर स्वतः बाहेर आले. "निगेटिव्ह! गेली तुमची ऑस्ट्रेलिया." मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर.

कामावर परतले ते ताठ मानेने. नर्सिंग होमच्या मोठ्या डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, काम करीन, पण सुयांच्या कचऱ्यात हात घालणार नाही. सुयांना वेगळा पत्र्याचा डबा द्या आणि आम्हाला लस द्या. आज मला झालं, उद्या तुमच्या सिस्टरला होईल." ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

सफाईच्या बायांनो, सुई लागली तर बोट चोखू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरा आणि त्याच दिवशी डॉक्टरला सांगा. लस मागायला लाजू नका.

लसीच्या दिवशी पारूबाई स्टुलावर बसली. सिस्टरने सिरिंज भरायला घेतली आणि पारूबाई घळाघळा रडायला लागली. मी म्हटलं, "काय गं, येवढ्या सुया लागल्या तवा हूं का चूं केलं नाहीस, आणि आज?"

डोळे पुसत ती म्हणाली, "त्या लोकांच्या व्हत्या गं. ही माझ्यासाठी काढली."