टेबलाखालच्या दोन तारा

पंप-पंख्यांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं तिचं काम. दिवसभर मान खाली घालून वेढ्यावर वेढे घालायचे. घरी येईस्तोवर खांद्यांचा पार दगड झालेला असायचा. सासूबाई गेल्यावर सासऱ्यांनी मागच्या खोलीत, मोठ्या टेबलावर छोटी रेल्वे मांडायला घेतली होती. पुढे त्यांचे हात कापायला लागले आणि सगळं अर्धवट राहिलं.

त्या संध्याकाळी ती चपला काढतेय तोच ते दारात आले.

"सूनबाई, गाडी पुन्हा खिडकीपाशी अडली."

"बाबा, घोटभर पाणी तरी पिऊ द्या."

"पी की. मी कुठे पळतोय? गाडीही पळत नाहीये."

तिला हसू आलं, पण हसणंही जिवावर आल्यासारखं.

रुळांना वीज एकाच ठिकाणी जोडलेली होती. सैल सांध्यांतून रखडत ती खिडकीपर्यंत पोचायची तेव्हा तिच्यात काही दम उरायचा नाही. सांधे घासून पुसले की चार दिवस बरे जायचे, मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी एकदाचं काय ते करून टाकू म्हणून तिने टेबलाखाली कडेकडेने दोन जाड तारा फिरवल्या, एक लाल, एक काळी. रुळांच्या प्रत्येक तुकड्याला बारीक तारा कथलाचा डाग देऊन जोडल्या, भोकांतून खाली ओढल्या. मग रोज कामावरून आल्यावर थोडा वेळ उताणं पडून जोडत राहिली: बाहेरच्या रुळाची तार लालला, आतल्याची काळीला.

सगळं जोडून झाल्यावर सासऱ्यांनी बटण दाबलं, तर रुळांना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा दिवाच विझला.

"शॉर्ट झालं," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली. उताणं पडून जोडताना कुठेतरी लाल-काळ्याची अदलाबदल झाली होती.

"राहू दे, पोरी. माझ्या हट्टापायी तुझी फरपट."

"आज सोडलं तर परत हात लागायचा नाही माझा. एकेक जोडी सोडवते. दिवा लागला की सांगा."

बऱ्याच वेळाने, खिडकीजवळची जोडी सुटल्यावर ते म्हणाले, "लागला."

तिने तारा बदलून जोडल्या. गाडी निघाली आणि वेग जराही कमी न होता खिडकीपुढून गेली.

"अडली नाही गं," ते म्हणाले. टेबलाखालून बारीक घोरणं तेवढं ऐकू येत होतं.

थोड्या वेळाने त्यांचा मुलगा कामावरून आला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलीय ती. आज स्वयंपाक तू कर. आणि मीठ बेताने घाल."