तळाची माती

आमच्या कन्नड तालुक्यात पोरं विहिरीत पोहायला शिकतात, आणि पोहायला येतं हे सिद्ध करायला तळाची माती आणून दाखवावी लागते. काठावरून सूर मारायचा, एका दमात खाली जायचं आणि मूठभर गाळ घेऊन वर यायचं. खाली जाताना कान ठणकतात. पण कान ठणकले म्हणून जो अर्ध्यातून वर आला, त्याला उन्हाळाभर चिडवून हैराण करत. मी कधी अर्ध्यातून आलो नाही.

हीच मस्ती मालवणला नडली. ऑफिसातल्या मंडळींबरोबर स्कूबाला गेलो होतो. ट्रेनरनं आधीच बजावलं होतं, कान दुखला तर खूण करा, वर नेतो. खाली गेल्यावर उजवा कान दुखायला लागला. त्यानं खुणेनं विचारलं, ठीक? मी बोटांचा गोल करून दाखवला, एकदम ठीक. पाठीवर हवेची टाकी असून वर यायचं म्हणजे हद्दच झाली! थोडं आणखी खाली गेलो आणि कानात काहीतरी फाटलं.

पडेगावला घरी पोचलो तेव्हा कान ठणकत होता आणि त्यातून ऐकू येत नव्हतं. कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं. पडद्याला भोक पडलं होतं. पाण्याचा थेंब आत जाऊ द्यायचा नाही, तेल तर नाहीच, नाक जोरात शिंकरायचं नाही.

"ऐकू येईल ना परत?"

"बहुतेक येईल. काही आठवडे थांबू, मग बघू."

त्या 'बहुतेक'नं माझी झोप उडवली.

घरी आई लसूण घातलेलं तेल कोमट करून बसली होती. आमच्या घरातला एकही कान तिच्या तेलातून सुटलेला नाही.

"आडवा हो," ती म्हणाली.

"डॉक्टर नको म्हणालेत."

"आँ?"

आईला बरीच वर्षं कमी ऐकू येतं. मी ओरडून सांगितलं. तिनं वाटी बाजूला सारली. "तेलानं कुणाचं वाटोळं झालंय का रे? लहानपणी मीच घालत व्हते ना?" आणि ती रुसली ती रुसलीच. वाईट वाटलं, पण पडदा माझा होता.

मग जेवताना घरात दोन 'आँ?' ऐकू यायला लागले, एक आईचा, एक माझा. बायको म्हणायची, आता लाउडस्पीकरच बसवते. मीही हसायचो. पण रोज सकाळी उठलो की आधी फोन उजव्या कानाला लावून बघायचो आणि नुसती घरघर ऐकून धास्तावायचो. हा कान गेला तर उरलेलं आयुष्य लोकांच्या तोंडाकडं बघत काढायचं, असं वाटायचं.

एका सकाळी कुकरची शिट्टी दोन्ही कानांनी ऐकू आली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पडदा जुळला. मी पेढे घेऊन घरी आलो. आईच्या मते श्रेय डॉक्टरांचं नव्हतंच.

"तू घालू दिलं नाय ना, मग ते तेल मी मारुतीला बोलले. शनिवारी खुलताबादला ने."

गेलो. तिनं तेल वाहिलं, हात जोडून बराच वेळ उभी राहिली. बाहेर चपला घालताना मी तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आणि तुझ्या कानासाठी नवस नाही बोललीस?"

"माझ्या? मला ऐकून काय करायचंय? माझ्याशी बोलतंय कोण?"

तक्रार नव्हती तिच्या आवाजात. आज पाऊस नाही म्हणावं, तसं ती म्हणाली. मला मात्र ते फार लागलं.

गाडीत काचा वर केल्या आणि घाट उतरताना मी मोठ्यानं सांगायला लागलो. समुद्राचं पाणी खाली कसं निळं दिसतं, पिवळे मासे हाताजवळून कसे जातात, आपलाच श्वास कसा मोठा ऐकू येतो. घरी आल्यापासून यातलं एक अक्षरही तिला सांगितलं नव्हतं. तिला फक्त माझा कान माहीत होता. ती माझ्याकडं वळून बसली होती आणि मधे मधे "व्हय?" म्हणत होती. दौलताबादचा किल्ला दिसायला लागला तेव्हा तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

"मग तळाची माती आणली का?"

"नाही आई. तिथं कशालाच हात लावू देत नाहीत."

"बरं," ती म्हणाली. "आणखी सांग."